पाण्याखालील छायाचित्रणाचें आद्यत्व

समुद्रतळाच्या छायाचित्रणाचें आद्यत्व लुई बूतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञास देण्याचा प्रघात आहे. तो अंशतःच ग्राह्य होय. बूतांच्या पूर्वीं, इ. स. १८५६ सालीं, विल्यम थॉम्पसन यानें इंग्लंडांतील वेमथच्या उपसागरांत नावेंतून कॅमेरा सुमारें १८ फूट खोल सोडला. कॅमेरा पेटींत बसविला असून पेटीच्या दर्शनी बाजूस कांच व तीवर झडप होती. झडप वरून दोरीनें उघडून कांचफलकावर सुमारें १० मिनिटें प्रकाश घेतला. पेटींत पाणी शिरलें. तरी तळाचें अस्पष्ट चित्र उमटलें. त्याच वर्षीं हा वृत्तांत ‘जर्नल ऑफ द सोसायटी ऑफ आर्ट्‌स’ या पत्रांत छापला गेला. म्हणजे यास समकालीन लेखी पुरावा आहे.

बूतांचा उपक्रम इ. स. १८९३ मध्यें फ्रान्सच्या बान्यूल येथें झाला. त्याची जलाभेद्य पेटी त्याचा बंधु ऑग्यूस्त यानें योजिली. तिला हवेनें भरलेला रबरी फुगा जोडला होता. खोलीवर पाण्याच्या दाबानें फुगा आकसे व त्यांतील हवा पेटींत जाऊन आंतबाहेरचा दाब समान राही. शिवाय बूतां स्वतः पाणबुड्याचा पोशाख चढवून तळाशीं उतरे.

सारांश, पहिलें चित्र थॉम्पसनचें. पाण्यांत उतरून चित्रें घेण्याची पद्धति बूतांची. आजच्या लहान कॅमेऱ्याच्या आवरणांतही जलाभेद्य पेटी, कांच व बाहेरून चालणारी कळ हींच मुख्य अंगें आहेत. जीर्ण पत्रें पारखणाऱ्यांस सांगणें न लगे कीं, अस्पष्टतेमुळें साधन अप्रमाण ठरत नाहीं.