काळविटाची गोळी आणि गव्याची गोळी

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी म्हणून वाशीमचें नांव सुशिक्षित वाचकांच्या परिचयाचें आहे. शिकारीच्या इतिहासांत मात्र या बाजूस कोणी मोजीत नाहीं. तो मान सारा मेळघाटाचा. तिकडे वाघ व गवा, इकडे कारंज्याच्या माळावर काळवीट व रोही. परंतु बंदुकीची गोळी जनावराच्या देहांत जाऊन नेमकें काय करते हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें हीं दोन्ही रानें शेजारीं ठेवून पाहावींत. ४० किलोंच्या आंतबाहेरचा काळवीट आणि ८०० किलोंचा गवा यांस एकच गोळी लागू पडत नाहीं.

सातपुड्यांत हिंडलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ यानें १८६० नंतरच्या दशकांत या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. लांबट गोळीची चाल तेव्हां वाढत होती; त्याचा कल मात्र जुन्या वाटोळ्या गोळीकडे. त्यास भूमितीचा आधार आहे. व्यास दुप्पट केला कीं गोळीचें वजन आठपट होतें. म्हणून मोठ्या तोंडाची, मंद पिळाची नळी व भरपूर दारू घेतली, तर झाडींतल्या जवळच्या पल्ल्यांत ती सरळ जाते आणि रुंद जखम करते.

माळावर हा हिशेब चुकतो. काळवीट माणसास दुरूनच हेरतो, आणि वाटोळी गोळी हवेच्या विरोधानें लवकर मंदावते. तेथें ‘एक्सप्रेस’ रायफल उपयोगी पडली. लंडनच्या पर्डीनें १८५६ सालीं हें नांव आगगाडीवरून घेतलें, तें शोभण्यासारखेंच होतें. हलकी, टोंकास पोकळ अशी शिशाची गोळी व भरमसाट दारू! देहांत शिरतांच ती फुलते व काळवीट जागींच पडतो. तीच गव्याच्या खांद्यावर मारली तर वरच्या मांसांतच तिच्या ठिकऱ्या होतात, आणि जनावर जखम घेऊन झाडींत निघून जातें. सॅम्युएल बेकरसारखा अनुभवी शिकारी पोकळ गोळीवर रुष्ट होता तो याचसाठीं.

पुढें धूरविरहित दारू आली आणि दोष उलट्या बाजूचा झाला. ·३०३ ची निकेलच्या कवचाची गोळी सेकंदास सुमारें २,००० फूट वेगानें निघे व मऊ देहांतून सुईसारखी आरपार जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेंत सैनिकांनीं तक्रार केली. तेव्हां कलकत्त्याजवळच्या डमडम येथें कवचाचें टोंक उघडें ठेवून नवी गोळी ओतली गेली. १८९९ च्या हेग परिषदेनें असल्या गोळीस युद्धांत मनाई केली. शिकारींत मात्र तीच योग्य ठरली. यांत विसंगति आहे असें आम्हांस वाटत नाहीं. शत्रु निकामी झाला म्हणजे सैनिकाचें काम संपलें. हरिण निकामी करून सोडणें हेंच क्रौर्य, कारण त्यास कोणी रुग्णालयांत नेत नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार संपली. १९९८ सालीं वाशीम पुन्हां स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या कारंजा तालुक्यांत सोहोळ येथें आज काळविटांचें अभयारण्य आहे. कळपांस त्याची सीमा ठाऊक नसते, आणि आतां गाऱ्हाणें आहे तें शेतकऱ्याचें. पिकांची नासाडी करणारे रोही व रानडुकरें परवाना घेऊन मारण्याची मुभा शासनानें २०१५ सालीं दिली. त्यामुळें गोळीचा जुना प्रश्न पुन्हां माळावर आला आहे. रोही २०० किलोंचा. ठासणीच्या बंदुकींतल्या छऱ्यांनीं तो सहसा मरत नाहीं, जखमी होऊन शेजाऱ्याच्या तुरींत जाऊन पडतो.