टॉमहॉक कुणाचा शब्द?

युद्धाच्या बातम्या आल्या की अमेरिकेच्या ‘टॉमहॉक’ क्षेपणास्त्राचं नाव आपण ऐकतोच. पण हा शब्द मूळचा इंग्रजी नाहीच. व्हर्जिनियातल्या पोव्हातान आदिवासींच्या भाषेत ते कुऱ्हाडीचं नाव. इंग्रजांकडे तो कसा आला, बघा.

मे १६०७. जेम्स नदीकाठी १०४ इंग्रज पुरुष आणि पोरं उतरली. वस्तीला नाव दिलं जेम्सटाउन. त्यात बरेच जण खानदानी, शेतकामाची सवय नाही. डोक्यात एकच, सोनं सापडणार! प्यायला नदीचं मचूळ पाणी. तापाने, हगवणीने माणसं पटापट गेली. जानेवारी १६०८ पर्यंत उरले जेमतेम ३८.

उरले ते स्थानिकांच्या मक्यावर. तांबं आणि काचेचे मणी द्यायचे, मका घ्यायचा. इंग्लंडात तेव्हा ‘कॉर्न’ म्हणजे कुठलंही धान्य. म्हणून मक्याला ते ‘इंडियन कॉर्न’ म्हणू लागले. पुढे अमेरिकेत ‘इंडियन’ गळलं, नुसतं ‘कॉर्न’ राहिलं. आपल्याकडे गाडीवर ‘स्वीट कॉर्न’ मिळतं, त्यातला कॉर्न हाच.

जे प्राणी, फळं इंग्लंडात नव्हतीच, त्यांना नावं कुठून आणणार? स्थानिकांचीच उचलली. रॅकून, ओपॉसम, पर्सिमॉन. पायातलं मोकॅसिनसुद्धा. वसाहतीचा सेक्रेटरी विल्यम स्ट्रेची याने तर त्यांच्या शेकडो शब्दांची यादीच लिहून ठेवली.

पण मका विकत मिळेना तेव्हा इंग्रज बळजबरीने घेऊ लागले. संबंध बिघडले. १६०९-१०च्या हिवाळ्यात वेढा पडला. आत कुत्री, घोडे, उंदीर खाऊन झाले. काही शेकडा माणसांतली साधारण साठ वाचली. मग तंबाखूचं पीक आलं, त्यात पैसा दिसला आणि जमिनीची भूक वाढतच गेली. मका देणारेच आपल्या जमिनीवरून हटवले गेले.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. आज ती समजून घ्यायची तर अभ्यासकांना स्ट्रेचीच्याच यादीचा आधार घ्यावा लागतो.

माणसं मात्र संपली नाहीत. त्यांच्यातल्या पामंकी जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिली, ती २०१५ साली! शब्द घ्यायला इंग्रजांना काही वर्षं पुरली. ज्यांचे शब्द, त्यांची दखल घ्यायला चारशे वर्षं लागली.

पुढच्या वेळी बातमीत ‘टॉमहॉक’ ऐकाल, तेव्हा एवढं आठवा.