कॉप्टिक संग्रहालय आणि थोमाचं शुभवर्तमान

जुन्या कैरोत, रोमनांच्या बॅबिलोन किल्ल्याच्या आवारात, १९०८ साली मार्कस सिमाइका यांनी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती परंपरेचं, संग्रहालय उभं केलं. चर्चमधली जुनी चांदीची भांडी आणि शुभवर्तमानांची चांदीची आवरणं वितळवायला सोनाराकडे निघालेली पाहून त्यांनी ती पैसे मोजून वाचवली, असं सांगतात. १९३१ साली संग्रहालय सरकारकडे गेलं. तोवर त्याची ओळख लाकडी कोरीवकाम, कापड आणि दगडी शिल्पं एवढीच होती.

ऑक्टोबर १९४६ मध्ये संचालक टोगो मिना यांनी २५० पौंडांना पपायरसची एक पोथी विकत घेतली आणि सगळं बदललं. आदल्या डिसेंबरात वरच्या इजिप्तमध्ये, नाग हम्मादीजवळ, खताची माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना पोथ्यांनी भरलेला रांजण सापडला होता. (या शोधाची रंगतदार हकिकत बहुतेक पुस्तकांत छापलेली असते, ती सगळीच काही अभ्यासकांना पटत नाही.) पोथ्या दलालांच्या हाती गेल्या, एक झुरिकला पोचली. मोठा गठ्ठा कायद्याच्या वादात मोहरबंद पडून राहिला आणि पुढे संग्रहालयात आला. झुरिकची पोथीही टप्प्याटप्प्याने परतली. एकूण तेरा पोथ्या, त्यांत बावन्न रचना.

दुसऱ्या पोथीत थोमाचं शुभवर्तमान आहे. येशूची ११४ वचनं, एकापुढे एक. जन्मकथा नाही, चमत्कार नाहीत, क्रूस नाही, पुनरुत्थानही नाही. जवळपास निम्म्या वचनांचे जुळे मत्तय, मार्क, लूक यांत भेटतात. उरलेली गूढ, काही तर चक्रावून टाकणारी. लेखक म्हणून येशूचा शिष्य दिदुम याहूदा थोमा याचं नाव आहे, पण त्याच्याशी जोडलेल्या भारतयात्रेचा इथे उल्लेखही नाही.

मूळ रचना बहुधा ग्रीक; केव्हाची, यावर पहिल्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या शतकापर्यंत मतं विखुरली आहेत. कैरोतली कॉप्टिक भाषेतली प्रत मात्र चौथ्या शतकातली. याचा अंदाज देणारा पुरावा मजेशीर आहे. चामडी पुठ्ठे कडक व्हावेत म्हणून आत रद्दी चिकटवत. सातव्या पोथीच्या पुठ्ठ्यातल्या रद्दीत ३४१, ३४६ आणि ३४८ या सालांचे दस्तऐवज निघाले.

संग्रहालयाने पोथ्या एकत्र राखल्या, हे त्याचं मोठं श्रेय. वाचू देण्यात मात्र फार वर्षं गेली. मिना १९४९ मध्ये वारले. नंतरचे संचालक पाहोर लबीब यांनी १९५६ मध्ये छायाचित्रांचा पहिला खंड काढला, १९५९ मध्ये थोमाची संहिता अनुवादासह छापली गेली. बाकीचं बरंच काही मोजक्या विद्वानांच्या मुठीत अडकलं होतं. युनेस्कोची मदत आणि अमेरिकी अभ्यासक जेम्स रॉबिन्सन यांचा हट्ट, यांमुळे १९७२ ते १९८४ या काळात सगळ्या पानांची छायाचित्रं प्रसिद्ध झाली आणि ही मक्तेदारी संपली.

ग्रीक थोमाचे तुकडे मात्र कैरोत नाहीत. ते इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या उकिरड्यांत ब्रिटिश अभ्यासक ग्रेनफेल आणि हंट यांना १८९७पासून सापडत गेले आणि आज ऑक्सफर्ड, लंडन व हार्वर्ड अशा तीन ठिकाणी आहेत.