राउटर चालू, वायफाय बंद

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इथं माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. लिनक्सवरच्या वायफायचा इतिहास मी गिऱ्हाइकांच्या कुरकुरीतून शिकलो. त्यात भीमा ओलांडून दौंडहून येणारी इंजिनिअरिंगची पोरं जास्त. आमच्याकडे लिनक्स आलं ते टपालानं. उबुंटूवाले २०११ पर्यंत जगभर फुकट सीडी पाठवायचे, आणि पोस्टाचं पाकीट फोडून पोरगं थेट दुकानात हजर. सीडी टाकली की स्क्रीन झकास दिसायची, आवाज यायचा. वायफाय तेवढं रुसलेलं.

कारण जगजाहीर होतं. ब्रॉडकॉमसारख्या कंपन्या चिपची माहिती बाहेर देत नव्हत्या. मग पॉन्टस फुक्स आणि गिरिधर पेम्मासानी यांनी एनडीआयएसरॅपर काढलं, म्हणजे विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये घुसवायचा. जुगाडच, पण चालायचा. दुसरी मंडळी जास्त चिकाटीची निघाली. त्यांच्यातल्या एका गटानं कंपनीच्या ड्रायव्हरची चिरफाड करून चिप कशी वागते ते लिहून काढलं. दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही न बघता, फक्त त्या टिपणांवरून नवा लिहिला. चोरीचा आळ नको म्हणून हे सोवळं. तो ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला आणि जानेवारी २००८ मध्ये बी४३ नावानं सुधारून आला. कंपनीनं आपण होऊन खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, तोही नव्या चिपांपुरता.

बी४३ आला तरी चिपच्या आत भरायचं फर्मवेअर वाटायला परवानगी नव्हती. ते नेटवरून उतरवायचं, आणि नेट लागायला तेच हवं! मग लॅपटॉप उचलून सायबर कॅफेत न्यायचा आणि मालकाला मस्का लावून लॅनची वायर मागायची.

लोडशेडिंगच्या काळातली एक तक्रार मला फार आवडायची. "दादा, लाइट गेली की वायफाय जातं." अरे, जाणारच की, राउटर बंद पडतो. पण दौंडचा एक पोरगा म्हणाला, राउटर इन्व्हर्टरवर आहे, मोबाइलवर नेट चालतंय, लॅपटॉपच तुटतो. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, पिंग लावलं, चार्जर काढला. थोड्या वेळात उत्तरं अडखळायला लागली. चार्जर जोडला, पुन्हा सुरळीत. बॅटरीवर गेल्याबरोबर उबुंटूमधली एक स्क्रिप्ट वायफाय कार्डाची वीजबचत चालू करायची, आणि डुलकी लागलेल्या त्या कार्डाला राउटरच्या हाका ऐकू जायच्या नाहीत. वीजबचत बंद केली, काम झालं. पोराच्या वडिलांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी इन्व्हर्टर दुरुस्त केला.

२०१४ नंतर ड्रायव्हर असायचे, पण काटकसर मशीनच्या आत शिरली. राउटरला चिकटून बसलं तरी एकच दांडी. मागचं झाकण उघडलं की दिसायचं, कार्डावर अँटेनाची दोन टोकं आणि वायर एकच. बनवणाऱ्यानं दुसरी वायर वाचवली होती. विंडोजच्या ड्रायव्हरला वायर कुठल्या टोकाला आहे ते ठाऊक. लिनक्सचा बिचारा रिकाम्या टोकावर कान लावून बसायचा. कर्नलवाल्यांनी पुढे ड्रायव्हरमध्ये अँटेना निवडायची सोय दिली. मी बहुतेकदा चिमट्यानं वायर उचलून शेजारच्या टोकावर दाबायचो. टक् आवाज आला की बसली. कार्डच बदलावं तर काही कंपन्यांचं बायोस परकं कार्ड पाहून सुरूच होत नसे. माझ्या मते हा शुद्ध आडमुठेपणा.

डेबियनवाल्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअरही इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं ठरवलं. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून बहुतेक लॅपटॉप पहिल्याच फटक्यात नेटला लागतात. बी४३ वाल्या जुन्या चिपांचं फर्मवेअर मात्र त्यातही नाही, परवानगीचं घोडं तिथंच अडलंय. असा लॅपटॉप आला की मी गिऱ्हाइकाचाच मोबाइल यूएसबीला जोडतो आणि त्याच्या नेटवर फर्मवेअर उतरवून घेतो. डेटा त्याचा, मजुरी माझी.