खरकटं जातं कुठे?

१९२७ साली अमेरिकेत जॉन हॅम्स यांनी सिंकखाली बसणारं, खरकटं दळणारं यंत्र बनवलं. त्याच साली मुंबईत देवनारची कचराभूमी सुरू झाली. आता गोरेगावच्या सोसायटीत राहणारी लेक विचारते, "आई, ते यंत्र घेऊ का?" तिला सांगा, यंत्र चालताना नळ सोडावाच लागतो आणि दळलेलं सगळं गटारात जातं. याच गोरेगावच्या मृणाल गोरे बायकांना घेऊन पाण्यासाठी झगडल्या. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. ते पाणी खरकट्यामागे घालवायचं का? २०१७मध्ये महापालिकेनेही मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. म्हणजे आपला शेणखताचा उकिरडाच की! लेकीला यंत्राऐवजी खताची कुंडी घ्यायला सांगा.