मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल: एका वैराचा इतिहास



सिरोंच्यापासून थोड्याच अंतरावर प्राणहिता गोदावरीला मिळते. नदीच्या पलीकडे दुसरे राज्य, दुसरी लिपी. या गावाने आपला धनी कितीदा बदलताना पाहिला, हे आपणास आम्ही सांगायला नको. १८६० साली निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. १९५६ साली चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला. १९८२ साली चांद्यातून गडचिरोली वेगळा झाला. २०१४ साली पलीकडच्या तीरावरच्या राज्याचेही नाव बदलून तेलंगण झाले. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि रानात माडिया-गोंडी अशी येथली रीत. म्हणजे येथे माणसे होती तेथेच राहिली आणि सीमा मात्र हलत गेल्या.

याच्या अगदी उलट नशीब ज्यांच्या वाट्याला आले, असे लोकही आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या मुलखावर सीमा पडली आणि माणसांनाच हलावे लागले. १९६४ च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसविण्यास सुरुवात झाली. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे त्यांची गावेच्या गावे आहेत. ज्या मोठ्या लोंढ्यातून ही माणसे आपल्याकडे पोचली, त्या लोंढ्याचा इतिहास कलकत्त्यातल्या दोन फुटबॉल क्लबांच्या वैरात जितका स्पष्ट उमटला आहे, तितका तो सरकारी अहवालांतही क्वचितच सापडेल. म्हणून आज आम्ही आपणापुढे मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल यांची कथा मांडणार आहोत.

फुटबॉलचे वैर आपल्या महाराष्ट्राला परके आहे असे नाही. कोल्हापुरात जावे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा ही नावे मूळची तालमींची आणि मंडळांची. पण शाहू स्टेडियमवर त्यांचे संघ उतरले म्हणजे पेठेच्या पेठ मैदानाकडे लोटते. परंतु तेथले वैर हे शेजाऱ्यांचे वैर आहे. दोन्ही पेठा त्याच गावातल्या, दोघींचे दैवत अंबाबाईच. कलकत्त्याचे वैर मात्र निराळ्या मातीतून उगवले. त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो असा: या शहरात मूळचा कोण आणि उपरा कोण?

मोहन बागानचा जन्म १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यात झाला. शहरातल्या प्रतिष्ठित घराण्यांनी काढलेला हा क्लब. गोऱ्या साहेबाचा खेळ साहेबाच्याच नियमांनी खेळून त्याला हरवावे, ही ईर्षा त्या पिढीत होती. २९ जुलै १९११ रोजी ती फळाला आली. आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला दोन विरुद्ध एक अशा गोलांनी हरविले. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. पहिला गोल कर्णधार शिबदास भादुडी यांचा, दुसरा अभिलाष घोष यांचा. १९०५ च्या फाळणीने दुखावलेल्या बंगालला तो विजय म्हणजे अपमानाची भरपाई वाटली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या विजयी संघातले कित्येक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. खुद्द भादुडी बंधूंचे मूळ फरीदपूरकडचे. म्हणजे १९११ साली ‘मोहन बागान’ या नावात सगळा बंगाल मावत होता. पुढे तो मावेनासा का झाला?

पूर्व बंगालची माणसे शिक्षणासाठी, नोकरीसाठी, व्यापारासाठी कलकत्त्यात येत. त्यांची बोली निराळी, स्वयंपाकाची तऱ्हा निराळी. शहरचे जुने रहिवासी त्यांना ‘बांगाल’ म्हणत. त्यात थट्टा होती आणि थोडा तुच्छभावही होता. बांगालांनी उलट शहरवासीयांना ‘घोटी’ म्हणावे. अशी नावे आपल्याकडेही आहेत. घाटावरच्याने कोकण्याला आणि कोकण्याने घाटी म्हणून दुसऱ्याला हिणवावे, तसाच हा प्रकार. जेवणाच्या पंगतीत तो हसण्यावारी जातो, पण त्यातला सल जात नाही.

२८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकाच्या सामन्यात जोडाबागान आणि मोहन बागान हे संघ समोरासमोर होते. जोडाबागानने आपला बचावपटू शैलेश बोस याला संघातून वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळविण्याचा आग्रह धरला, तो मानला गेला नाही. बोस पूर्व बंगालचा म्हणूनच त्याला डावलले, अशी भावना झाली. चौधुरी क्लब सोडून बाहेर पडले आणि चारच दिवसांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, सहकाऱ्यांसह त्यांनी नवा क्लब काढला. नाव ठेवले ईस्ट बेंगॉल. ज्या नावाने हिणविले जात होते तेच नाव त्यांनी ध्वजावर लिहिले, असेच म्हणावे लागेल. एका खेळाडूला बाकावर बसविल्याचा हा परिणाम. न्याय-अन्यायाचे हिशेब माणूस रकमेने मांडत नाही, तो मानाने मांडतो.

त्या काळी कलकत्ता लीगच्या पहिल्या वर्गात दोनच हिंदी संघांना जागा असे. ईस्ट बेंगॉलने वर चढण्याचा हक्क सांगितला तेव्हा हा नियमच आड आला, आणि तो मोडण्यासाठी पुष्कळ वाद घालावा लागला. अखेर १९२५ साली त्यांना पहिल्या वर्गात प्रवेश मिळाला आणि २८ मे १९२५ रोजी लीगमध्ये दोन्ही क्लब प्रथमच भिडले. नेपाल चक्रवर्ती यांच्या एकमेव गोलाने ईस्ट बेंगॉल जिंकला. त्या दिवसापासून एका बाजूला हिरवा-किरमिजी आणि दुसऱ्या बाजूला लाल-सोनेरी अशी शहराची वाटणी झाली.

तरीही १९४७ पर्यंत हे वैर मुख्यतः मानापमानाचे होते. स्वातंत्र्य आले ते मोहन बागानच्याच जन्मदिवशी, १५ ऑगस्टला. त्याच फाळणीने पूर्व बंगाल परदेश झाला. सियालदह स्टेशनचे फलाट निर्वासितांनी भरले. जादवपूर, विजयगड या बाजूंना ओसाड जमिनींवर रातोरात झोपड्या उभ्या राहू लागल्या. ज्याचे घर, शेत, तळे, देऊळ सगळे पलीकडे राहिले, त्याला ‘ईस्ट बेंगॉल’ हे शब्द आता केवळ क्लबच्या फाटकावर वाचावयास मिळत होते. नकाशावरून तो मुलूख पूर्व पाकिस्तान झाला, पण मैदानावर तो अजून ईस्ट बेंगॉलच होता आणि आठवड्याला दोन गोल करीत होता. शनिवारी संध्याकाळी संघ जिंकला म्हणजे छावणीतल्या माणसाला घटकाभर वाटे की आपण सर्वस्वी हरलेलो नाही. या क्लबवरच्या प्रेमाचा अर्थ येथे आहे.

मग स्वयंपाकघरातही दोन पक्ष झाले. ईस्ट बेंगॉल जिंकला की त्यांच्या घरी इलिश मासा, मोहन बागान जिंकला की त्यांच्या घरी कोळंबी. पद्मेच्या इलिशची आठवण ज्याला येते, त्याला ही केवळ गंमत वाटत नसे.

आता या इतिहासातली मौज पाहा. ईस्ट बेंगॉलच्या सुवर्णकाळाचे, १९४९ ते १९५३ चे मानकरी होते त्यांचे पाच आघाडीवीर: अप्पाराव, व्यंकटेश, धनराज, अहमद खान आणि सालेह. लोक त्यांना ‘पंचपांडव’ म्हणत. या पाचांत एकही बंगाली नाही. सगळे दक्षिणेकडचे. त्यातले अप्पाराव तर आपल्या गोदावरीच्या मुखाजवळच्या काकिनाड्याचे. पूर्व बंगालच्या निर्वासिताचे अश्रू पुसले ते तेलुगू आणि मलयाळी बोलणाऱ्या पायांनी. तिकडे मोहन बागानचा कोट राखणारे गोष्ठ पाल, ज्यांना १९६२ साली पद्मश्री मिळाली, ते जन्माने फरीदपूर जिल्ह्यातले. आणि ज्यांनी आपली सारी कारकीर्द मोहन बागानला वाहिली, ते चुनी गोस्वामी जन्मले किशोरगंजला, म्हणजे पूर्व बंगालमध्येच. ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ या शब्दांवर जे लोक माथी फोडीत होते, त्यांचे देव मात्र सीमा ओलांडून आलेले होते.

हे वैर मुंबईकरांनीही पाहिले आहे. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी दोन्ही क्लब कुपरेजवर येत. १९७२ साली तर अंतिम फेरीत दोघांपैकी कोणीच हटेना आणि चषक दोघांत वाटून द्यावा लागला. वाटून घेणे मात्र दोघांनाही हरण्याइतकेच जड गेले असेल.

वैराला धार असते आणि ती कधीतरी हात कापते. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बेंगॉलने मोहन बागानवर पाच गोल केले आणि एकही होऊ दिला नाही. त्या पराभवाने खचून मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपला जीव दिला. याहून मोठा आघात पुढे यायचा होता. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर दोघांचा लीगचा सामना चालू असता मैदानावरची चकमक प्रेक्षकांत पसरली, दंगल आणि चेंगराचेंगरी झाली, आणि सोळा माणसे मरण पावली. खेळ पाहायला घरून निघालेली सोळा माणसे परत गेली नाहीत. दगड मारताना कोणी कोणाचे गाव विचारले नव्हते, आणि चेंगरतानाही कोणाच्या अंगावरचा रंग पाहिला गेला नाही.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातही असाच एक जुना संसार आहे. तेथे रेंजर्स क्लब १८७२ सालचा, आणि आयरिश निर्वासितांच्या वस्तीतून १८८७ साली निघालेला सेल्टिक. २ जानेवारी १९७१ रोजी त्यांच्या सामन्यानंतर आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर चेंगरून ६६ माणसे मेली. तेव्हा हा रोग काही बंगालचाच नव्हे. जेथे उपऱ्याला आपले म्हणायला फक्त एक क्लब उरतो, तेथे त्या क्लबवर अवाजवी भार पडतो. एका चेंडूने किती दुःखे वाहावीत?

परंतु कलकत्त्याने १९८० नंतर जे केले तेही सांगितले पाहिजे. तो १६ ऑगस्ट बंगालने विसरू दिला नाही. त्या सोळा जणांच्या स्मरणार्थ त्या दिवशी रक्तदान होऊ लागले. रक्त सांडल्याच्या दिवशी रक्त देण्याचा प्रघात पाडावा, आणि देताना कोणत्या क्लबचा हे विचारू नये, हे शहाणपण त्या शहराला सुचले. वैर काही थांबले नाही. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक मैदानावर १,३१,७८१ माणसे जमली होती. ईस्ट बेंगॉल ४-१ ने जिंकला, तीन गोल सिक्कीमच्या बायचुंग भुतियाचे. इतका समुदाय आला, ओरडला, रडला आणि घरी गेला. वैर निरोगी आहे की नाही याची आमच्या मते हीच परीक्षा: सामना संपल्यावर माणसे घरी जातात की नाही?

शेवटी अलीकडची एक घटना. ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टर स्त्रीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. शहर संतापाने पेटले. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात दोन्ही क्लबांचा सामना ठरला होता, तो बंदोबस्ताच्या कारणाने रद्द करण्यात आला. सामना नव्हता, तरी लोक मैदानाबाहेर आले. हिरवा-किरमिजी आणि लाल-सोनेरी ध्वज एकमेकांशेजारी धरून त्यांनी त्या मुलीसाठी न्याय मागितला. मोहमेडन स्पोर्टिंग या तिसऱ्या जुन्या क्लबचे चाहतेही त्यांत मिसळले. पोलिसांनी लाठ्या चालविल्या तेव्हा त्या दोन्ही रंगांवर पडल्या. शंभर वर्षे समोरासमोर उभे राहिलेले लोक त्या संध्याकाळी एकाच बाजूला उभे होते.

हे कसे घडले? आमचे उत्तर असे. शंभर वर्षे वैर करण्यासाठीसुद्धा काही गोष्टी दोघांच्या मिळून असाव्या लागतात: एक मैदान, एक चेंडू, एकच नियमावली, आणि दोघांनी मानलेला एक पंच. शैलेश बोसला वगळल्याचा राग ईस्ट बेंगॉलने मैदान सोडून नव्हे, तर त्याच मैदानावर उतरून काढला. मोहन बागाननेही, नाइलाजाने का होईना, त्यांना आपल्यासमोर उभे राहू दिले. ज्याच्याशी आपण नियमाने झुंजतो, त्याला आपण येथला मानलेला असतो. ईडन गार्डन्सवर तो नियम सुटला आणि माणसे मेली. बाकीच्या वर्षी तो टिकला, म्हणून उपरे म्हणून आलेले लोक त्या शहराचे झाले.

आपल्या जिल्ह्यात तेलुगू आहेत, मराठी आहेत, माडिया-गोंड तर आपणा सर्वांच्या आधीचे आहेत, आणि पद्मेकाठाहून आलेले बंगालीही आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत पोचले आहेत. जमिनीवरून, भाषेवरून, दाखल्यांवरून तंटे होतात आणि होत राहतील. ते होऊच नयेत अशी भाबडी प्रार्थना आम्ही करीत नाही. मात्र प्रत्येकाला मैदानात उतरण्याची जागा असावी, त्याला बाकावर बसवून ठेवण्याआधी आपण दहादा विचार करावा, आणि सामना संपल्यावर सगळी माणसे सुखरूप घरी पोचावीत, एवढे तरी ह्या दोन क्लबांपासून आपण घ्यावे.