ख्रिस्ती मराठी कथावाङ्‌मयातील मोह, स्वर्ग आणि नरक

मनुष्याला पडणारा पापाचा मोह आणि त्याच्या वर्तनानुसार मरणोत्तर लाभणारी स्वर्गाची किंवा नरकाची गती हा ख्रिस्ती कथावाङ्‌मयाचा एक प्राचीन विषय होय. यूरोपात दान्तेची दीव्हीना कोम्मेदीआ (चौदाव्या शतकाचा आरंभ), मिल्टनचे पॅरडाइस लॉस्ट (१६६७) व जॉन बन्यनचे पिल्ग्रिम्स प्रोग्रेस (१६७८) ही या विषयावरील प्रमुख रूपे मानली जातात. विसाव्या शतकात सी. एस. ल्यूइसने द स्क्रूटेप लेटर्स (१९४२) या पुस्तकात एका वृद्ध सैतानाने आपल्या पुतण्यास लिहिलेल्या पत्रांतून मोहाची कार्यपद्धती उलगडून दाखविली. मराठीत हा विषय सतराव्या शतकाच्या आरंभी आला आणि एकोणिसाव्या शतकात त्याला गद्यकथेचे रूप प्राप्त झाले. तथापि मराठी लेखकापुढील अडचण यूरोपीय लेखकापुढे नव्हती. स्वर्ग, नरक व मोह हे तिन्ही शब्द मराठीत आधीपासून होते आणि त्यांचे अर्थही पक्के झालेले होते.

पौराणिक कल्पनेप्रमाणे स्वर्ग हे पुण्याचा साठा असेपर्यंतच भोगावयाचे स्थान आहे. पुण्य सरले की जीव पुन्हा मृत्युलोकी येतो. रौरव, कुंभीपाक इ. नरकांतील यातना कितीही भयंकर असल्या, तरी त्याही पापाच्या प्रमाणात असतात व कधीतरी संपतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मात्र जन्म एकच आणि त्याचा निर्णय अखेरचा. मोहाच्या बाबतीत तर दोन परंपरांची दिशाच उलटी आहे. पुराणांत तपस्व्याला मोहात पाडणारी अप्सरा इंद्र, म्हणजे प्रत्यक्ष स्वर्गाचा अधिपती, पाठवितो. हरिश्चंद्राची किंवा श्रियाळाची परीक्षा पाहणाराही ऋषी वा देवच असतो. ख्रिस्ती कथेत मोह घालणारा सैतान हा स्वर्गातून पतन पावलेला आणि देवाचा वैरी आहे. मराठी बायबलमध्ये या कल्पनेसाठी ‘परीक्षा’ हा शब्द रूढ झाला, तर षड्‌रिपूंमध्ये गणला जाणारा ‘मोह’ मुख्यतः मनातील भ्रम सुचवितो. यांपैकी कोणताही शब्द निवडला, तरी त्याच्याबरोबर जुना अर्थ येतच असे.

या अडचणीची पहिली जाणीव क्रिस्तपुराणात दिसते. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाचे हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग असून एकूण ओव्या १०,९६२ आहेत. जुनी पुराणे बंद झाल्याने नवख्रिस्ती लोकांना वाचावयास काही उरले नाही, अशी एक ब्राह्मण ख्रिस्ती तक्रार करतो व त्याला उत्तर म्हणून पाद्री-गुरू हे पुराण सांगू लागतो, अशी त्याची मांडणी आहे. देवदूतांचे पतन, आदम व एवा यांना पडलेली भूल, ख्रिस्ताची अरण्यातील परीक्षा, मरणानंतर त्याचे अधोलोकी उतरणे हे प्रसंग त्यात विस्ताराने येतात. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द योजतो. हे केवळ स्थानिक रंग भरणे नव्हे. वैष्णव परंपरेत वैकुंठाला गेलेला भक्त परत येत नाही. ‘स्वर्ग’ या शब्दात नसलेली शाश्वती ‘वैकुंठ’ या शब्दात होती. विष्णूचे निवासस्थान ख्रिस्ताला देण्याची त्याने पत्करलेली जोखीम या दृष्टीने समर्पक वाटते. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत नरकाला आजही ‘यमकोंड’ म्हणतात. यम गेला, त्याचे कुंड राहिले.

गद्यकथेत हा विषय प्रथम भाषांतराच्या द्वारे आला. हरि केशवजी यांनी पिल्ग्रिम्स प्रोग्रेसचे केलेले यात्रिक क्रमण (१८४१) हे भाषांतर मराठी कादंबरीच्या पूर्वेतिहासात आवर्जून नोंदविले जाते. मूळ कथेत ‘ख्रिस्ती’ नावाचा मनुष्य पाठीवर पापाचे ओझे घेऊन नाशनगरातून स्वर्गीय नगराकडे निघतो. बायकामुले हाका मारीत असता तो कानांत बोटे घालून पळतो. वाटेत निराशेचा चिखल, मायेचा बाजार, संशयाचा किल्ला इ. संकटे येतात आणि शेवटी मृत्यूची नदी ओलांडावी लागते. स्थळे व पात्रे ही गुणदोषांची रूपके आहेत. या तंत्राचे मराठी वाचकाला नावीन्य वाटण्याचे कारण नव्हते. विवेक, वैराग्य, अहंकार यांना पात्रे करण्याची प्रथा प्रबोधचंद्रोदयासारख्या संस्कृत नाटकापासून परिचित होती. यात्रा ही कल्पना तर त्याच्या अंगवळणीच पडलेली होती. परंतु पंढरीचा वारकरी दिंडीबरोबर जातो आणि दर्शन घेऊन घरी परततो. बन्यनचा यात्रिक घर सोडून जातो आणि त्याला परतावयाचे नसते. पहिल्या भागाच्या शेवटी ‘अज्ञान’ नावाचा प्रवासी स्वर्गीय नगराच्या वेशीपर्यंत पोहोचूनही तेथूनच नरकाच्या वाटेला लावला जातो. शेवटच्या पावलावरही घात होऊ शकतो, ही भीती मराठी कथेला नवी होती.

ज्यांनी प्रत्यक्ष धर्मांतर केले, त्यांच्या दृष्टीने बायकामुलांचा आक्रोश मागे टाकण्याचा तो प्रसंग रूपक राहिला नव्हता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. प्रकरण मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले व अल्पवयीन श्रीपतला पित्याच्या स्वाधीन करण्यात आले. मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतलेल्या या मुलाला ज्ञातीत परत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्तानंतर त्याला स्वीकारण्याची बाजू घेतली. एका पक्षाच्या मते थोरला भाऊ भुलला आणि धाकटा वाचला; दुसऱ्या पक्षाच्या मते नेमके याच्या उलट. मोह कोणता आणि सुटका कोणती, याचा निर्णय करणारा तटस्थ साक्षीदार या प्रसंगात सापडत नाही. एवढी मोठी कथावस्तू हाताशी असता त्या पिढीच्या ख्रिस्ती कथाकारांनी ती दोन्ही बाजूंनी लिहिली नाही, हे त्या वाङ्‌मयाचे वैगुण्य म्हणावे लागेल.

नारायण शेषाद्री यांचे पुढील कार्य जालना परिसरात झाले. १९८१ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेला हा भूभाग त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि जालन्यास लष्करी छावणी होती. या भागात परलोकविचार आधीपासून रुजलेला होता. समर्थ रामदासांचे (१६०८–८१) जन्मस्थान जांब याच जिल्ह्यात आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील आधिदैविक तापाच्या समासात यमयातनांचे वर्णन येते आणि लगेच मृत्युनिरूपण येते. बन्यन हा समर्थांचा समकालीन असावा, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. श्रोत्याला मरणाचे भान देऊन जागे करणे हा हेतूही दोघांत समान आहे. भेद आहे तो पुढे. समर्थ त्या भयातून श्रोत्याला विवेकाकडे व आत्मज्ञानाकडे नेतात, तर बन्यन कृपेकडे नेतो.

नारायण शेषाद्री यांनी जालन्यानजीक ख्रिस्ती लोकांची वसाहत स्थापन केली व तिला ‘बेथेल’ हे नाव दिले. जुन्या करारात याकोब घर सोडून पळत असता दगड उशाला घेऊन झोपतो. पृथ्वीवरून आकाशाला भिडलेली शिडी आणि तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत त्याला स्वप्नात दिसतात. जागा झाल्यावर ते ठिकाण देवाचे घर आणि स्वर्गाचे दार आहे, असे मानून तो त्याला बेथेल म्हणतो. घर सुटलेल्या माणसाला उघड्या माळावर दिसलेला स्वर्ग, असा या नावाचा आशय आहे. वसाहतीसाठी जमीन हैदराबादचे दिवाण पहिले सर सालारजंग (१८२९–८३) यांनी दिली. वस्ती मुख्यतः मांग व महार जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांची होती. मुसलमान राज्याच्या दिवाणाने ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती धर्मोपदेशकाला गावकुसाबाहेरच्या लोकांसाठी जमीन द्यावी, ही घटना त्या काळी असामान्यच होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत नारायण शेषाद्री उपस्थित होते. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या लोकांनी पोटासाठी धर्म सोडला, असा आक्षेप सर्वत्र घेतला जाई. म्हणजे धर्मांतर हाच मोह, जमीन व भाकरी हे त्याचे आमिष. असे आक्षेप बन्यनलाही ठाऊक होते. लाभासाठी धर्माची संगत धरणारे पात्र त्याने रंगविले आहे आणि रुप्याच्या खाणीपाशी त्याचा नाशही दाखविला आहे. परंतु ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांच्या बाबतीत गरज आणि लोभ एकाच मापाने मोजणे न्याय्य ठरत नाही. गावकुसाबाहेरचे जिणे हाच ज्याचा अनुभव, त्याला नरकाचे वर्णन परलोकातून आणून ऐकविण्याची आवश्यकता नव्हती.

नरक इहलोकात आणण्याचे हे कार्य कादंबरीत बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी केले. त्यांचे यमुनापर्यटन (१८५७) हे अनेक अभ्यासकांच्या मते मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी होय. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी हे पुस्तक निघाले. यमुना व तिचा पती विनायक प्रवास करीत असता ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी येतात. पुढे विनायकाचा मृत्यू होऊन यमुना स्वतःच विधवा होते आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. रचनेच्या दृष्टीने यमुनापर्यटन हीदेखील एक यात्राच. पण तिच्या वाटेवर राक्षस व किल्ले नाहीत. केशवपन, उपासमार, घरातल्याच पुरुषांची वाईट नजर आणि नंतर सगळा दोष त्या बाईच्या माथी, असे हे मुक्काम आहेत. येथे मोहाची मांडणीही बदलते. बन्यनच्या कथेत मोहात पडणारा एकटा दोषी असतो. पदमनजींच्या कथनात विधवेला पापाकडे लोटणारी रूढी दोषी ठरते. प्रचाराचा हेतू उघड असल्यामुळे संवाद पुष्कळदा प्रवचनाकडे झुकतात व शेवट आधीच ठरल्यासारखा वाटतो. असे असले, तरी विधवांच्या कहाण्यांतील तपशील अस्सल आहेत, आणि ज्या वाचकांना पुस्तकाचा धर्म मान्य नव्हता, त्यांनाही ते नाकारणे कठीण गेले असावे.

त्यानंतरच्या काळात नरकाचे चित्रण झपाट्याने ओसरले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या वृत्तीवर भक्तिपरंपरेचा, विशेषतः तुकारामांचा, गाढ संस्कार असल्याने दंडापेक्षा देवाचे वात्सल्य त्यांना जवळचे होते. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले व ते लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी पुढे नेले. धर्मांतरामुळे घरात झालेली ताटातूट मराठीत खऱ्या अर्थाने मांडली गेली ती मात्र लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात. पती ख्रिस्ती झाला आणि पत्नी काही वर्षे हिंदूच राहिली, हा अनुभव तेथे मागे राहिलेल्या बाजूकडून सांगितलेला आहे. यात्रिक निघून गेल्यावर दारात उभ्या राहिलेल्या त्याच्या पत्नीचे काय झाले, हे बन्यनने दुसऱ्या भागात (१६८४) सांगितले होते. तीही त्याच्या मागून निघते. लक्ष्मीबाईही निघाल्या, पण वाटेतल्या प्रत्येक हट्टाची, रडण्याची व हसण्याची नोंद ठेवून.